अस्वलाचा आडोसा, सोमवार ते शनिवार

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. स्वतःशी खरं बोलणारी माणसं दुर्मिळ, म्हणून मी तरी बोललं पाहिजे.
वडिलांनी मागे ठेवलेलं आमचं प्राणिसंग्रहालय: एक अस्वल, नऊ माकडं, दोन मोर, एक अजगर (वर्षभर हललेला नाही, पण आहे). काल वनखात्याची नोटीस आली. अस्वलाचा पिंजरा लहान. लोकांच्या नजरेआड बसायला त्याला आडोसा नाही. शिवाय ते जागच्या जागी डोलत राहतं, हे म्हणे मानसिक ताणाचं लक्षण. हसू आलं. बाळ (अस्वलाचं नाव, वय चौदा, वजन दीडशे किलो) मला पाहून आनंदाने डोलतं. सरकारी माणसांना आनंद बघायची सवय नसते, त्यांचा काय दोष!
महिन्यात सुधारणा केली नाही, तर बाळाला सरकारी केंद्रात नेणार. महिना कशाला? आठवड्यात करून दाखवतो.

५ फेब्रुवारी
पिंजरा स्वतः मोजला. खरंच लहान निघाला. टेप बदलली. तोच आकडा. शेवटी लोक उभे राहतात ती जागाही धरली. बाळ दिवसभर तिकडेच बघतं, म्हणजे वापरतंच की. पिंजरा नियमात बसला. रखवालदार काका म्हणाले, मालक, मग सोडू का त्याला तिकडे? काकांचा स्वभाव खोचक होत चाललाय.

१३ फेब्रुवारी
आठवड्याऐवजी दहा दिवस लागले. सुताराची चूक. आडोसा मात्र झकास: जुन्या कपाटाची दारं, वर पत्रा. बाळ लगेच आत गेलं. माझं काम आवडलं.

१४ फेब्रुवारी
बाळ आतच.

१७ फेब्रुवारी
अजून आतच. काका सांगतात, फाटक बंद झालं की बाहेर येतं, खातं, फिरतं, डोलत मात्र नाही. लोक येतात आणि कपाट बघून जातात. तिकीट खिडकीवर माझा मेहुणा बसतो. तो म्हणाला, भाऊजी, पब्लिक म्हणतंय, असलं कपाट आमच्या घरीही आहे. ‘कृपया संयम ठेवा’ अशी पाटी लावली. मग स्वतः जाऊन अर्धा तास हाका मारल्या. आलं नाही. लाजतं.

१८ फेब्रुवारी
नोटीस पुन्हा वाचली. ‘आडोसा असावा’ एवढंच लिहिलंय. रविवारीही असावा असं कुठे म्हटलंय? ठरलं. सोमवार ते शनिवार आडोसा, रविवारी पब्लिक. सापही मरावा आणि काठीही मोडू नये (अजगराचा इथे संबंध नाही).

२२ फेब्रुवारी, रविवार
तुफान गर्दी! सकाळीच आडोसा काढला. काका आले नाहीत, पाठ धरली म्हणे. बाळ दिवसभर डोललं, पोरंटोरं खूश.
एक बाई मात्र तासभर पिंजऱ्यासमोरून हलेनात. वहीत लिहीत होत्या. लेखिका असणार. जवळ जाऊन म्हटलं, नशीबवान आहात, एरवी इथे कपाटच दिसतं. का, असं त्यांनी विचारल्यावर सगळी योजना सांगितली. मोजमापाचीसुद्धा. फार मन लावून ऐकलं त्यांनी. इतकं आमच्या हिने लग्नापासून ऐकलेलं नाही. शेवटी माझं पूर्ण नाव विचारलं आणि वहीत सहीही घेतली. पुस्तकात येणार मी.

२६ फेब्रुवारी
तपासनीस होत्या. तिकीट काढून आल्या! याला विश्वासघात म्हणतात. आदेश आलाय: सोमवारी बाळाला हलवणार, बाकीच्या प्राण्यांची तपासणी मागाहून. ही म्हणाली, रविवारीही राहू द्यायचं होतं ना ते कपाट. हिचा कायद्याचा अभ्यास नाही.
मी निश्चिंत आहे. माझ्याशिवाय बाळ पाऊल उचलणार नाही. गाडी रिकामी परत जाईल, तेव्हा कळेल खात्याला, माया कशाला म्हणतात ते.

२ मार्च, संध्याकाळी ६
दहाला गाडी आली. सोबत जनावरांचे डॉक्टर. त्यांनी एक बंदिस्त पिंजरा आमच्या पिंजऱ्याच्या दाराला लावला. आत अंधार आणि गवत. डॉक्टर म्हणाले, कधी कधी अख्खा दिवस जातो, घाई करायची नाही. मी मनात हसलो. पुढे होऊन हाक मारली. बाळ डोलायला लागलं. म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. मग काका हळूच म्हणाले, मालक, तुम्ही जरा त्याला दिसणार नाही असे उभे राहा.
तिकीट खिडकीमागे जाऊन उभा राहिलो. फटीतून दिसत होतं. बाळ डोलायचं थांबलं. दारापाशी आलं, गवत हुंगलं आणि चालत आत जाऊन बसलं. चार मिनिटं. डॉक्टर म्हणाले, इतक्या सहज गेलेलं अस्वल पहिल्यांदाच पाहिलं.
घरी आल्यावर हिने विचारलं, बाळ रडलं का हो? म्हटलं, खूप. आवरेचना.
ही आत गेली. रुमाल आणला आणि माझ्या हातात दिला.