कोणी आहे का?

७ मे १९५७, मंगळवार

भूमिका मिळाली! मला! चौदा वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आता मीच नायक. नायक काय — अख्ख्या नाटकात मी एकटाच.

वाडीतला शिवा गिरणीतून रजेवर आलाय. मुंबईला कुठल्याशा हॉलात साहेब लोकांचं नाटक बघून त्याचं डोकं फिरलंय. तसलंच एक स्वतः लिहून आणलंय. राजा नाही, राक्षस नाही, गाणं नाही. एक माणूस आणि एक मोडकी खुर्ची. तो तासभर वर बघून प्रश्न विचारतो. उत्तर कुणीच देत नाही. संपलं!

"मग होतं काय?" मी विचारलं.

"काहीच होत नाही, रामाकाका. तेच तर जीवन!"

असेल बाबा. गिरणीत असेल.

९ मे

अंगणात तालीम. "कोणी आहे का?" म्हणायचं आणि मनात शंभर आकडे मोजायचे. शिवा म्हणतो, थांबण्यात पोकळी दिसली पाहिजे. मी सत्तरावर चुकतो.

दगडी गडग्यापलीकडून शेजारची सोनूबाई — "रामाभाव, येकटेच कोनाशी बोलताव?"

"नाटक आहे!"

"आनि माज्या कोंबड्यांना दगड मारताव, त्ये पन नाटकच काय?"

बाई नव्हे, फौजदार!

१० मे

विसरलो तर वाक्य सांगणार कोण? प्रॉम्प्टर मीच!!

११ मे

खरं लिहितो. बायको काशी वारली, त्याला दोन वर्षं झाली. घरात हाक मारायला कुणी नाही. ते वाक्य म्हणताना नजर घराच्या दाराकडे जाते. शिवा खूश — "काय अभिनय, काका!" अभिनय कसला, कपाळ.

१३ मे, सोमवार

काल प्रयोग झाला. बट्ट्याबोळ!

आधी रीतीप्रमाणे आप्पा गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घातलं — "हे म्हाराजा, पोरांचं नाटक तडीस ने!" दर वाक्याला गाव ओरडत होतं, "व्हय म्हाराजा!" ते संपलं नि लगेच पडदा वर. भीतीने माझे हात आपोआप जोडलेले. वर बघून म्हटलं, "कोणी आहे का?"

"व्हय म्हाराजा!" — अख्खं पटांगण!

लोकांना वाटलं, उरलेलं गाऱ्हाणं मी घालतोय.

"माझं ऐकू येतं का?"

"व्हय म्हाराजा!"

"की मी असाच मरून जाऊ?"

"व्हय म्हाराजा!!" सोनूबाईचा आवाज सगळ्यांत वर.

तासाचं नाटक बारा मिनिटांत आटोपलं. शिवा विंगेत डोकं धरून बसलेला. "पोकळीच उरली नाही, काका!" म्हणाला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मजा आली.

१४ मे

शिवा रागावून मुंबईला गेला. घर पुन्हा गप्प.

१६ मे, गुरुवार

सकाळी पेज उतरवताना सवयीने तोंडातून निघालं, "कोणी आहे का?"

गडग्यापलीकडून — "व्हय म्हाराजा!"

आज कोंबड्यांना दगड मारला नाही.