तीनदा मागं

पुणे, १३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

लखनचा शि. सा. न. पाया लांबूनच पडतो, कारण जवळ असतो तर तू आधी कान धरला असतास.

फोन लावून लावून दमली असशील. फोन माझ्याकडं न्हाई. रेसच्या क्लबानं तपासायला घेतलाय. मी कुणाकुणाशी बोललो ते त्यांना बघायचंय. बघतील काय, कपाळ! दिवसाला तुझे अकरा फोन, आणि अकराही वेळा एकच सवाल, जेवलास का. म्हणून कागद घेऊन बसलो. साक्षरतेच्या वर्गात तू एवढी शिकलीस, तर हे पत्र स्वतः वाच. आसारामच्या दुकानात नेऊ नको. तिथं बोललेलं दुसऱ्या दिवशी गेवराईच्या बाजारात ऐकू येतं.

झालं असं. परवाच्या रविवारी मी ज्या घोडीवर होतो ती जिंकणार, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. नाव तिचं इंग्रजी हाय, मी सोनकी म्हणतो. शेवटचं वळण संपलं तेव्हा सोनकी चार घोड्यांएवढी पुढं होती. आणि आत्या, मी मागं वळून बघितलं. एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्यांदा बघताना माझा हात ढिला पडला, सोनकीनं पाय आखडला, आणि मागचा घोडा नुसत्या मानेएवढ्या फरकानं जिंकला. लोकांनी ज्या शिव्या घातल्या त्यातल्या दोन मला नवीन होत्या.

आता क्लबाचे पंच माझी चौकशी करणार. स्टुअर्ड म्हणतात त्यांना. त्यांना संशय हाय की मी कुणाच्या तरी सांगण्यावरून घोडी मुद्दाम मागं खेचली. २९ तारखेला सुनावणी हाय. तसं ठरलं तर माझं जॉकीचं लायसन जाईल, आणि परत मिळत नसतं. बावन्न किलोचा माणूस मी. घोड्यावरून उतरवलं तर करू काय? ऊसतोडीला गेलो तर मोळी मलाच घेऊन खाली बसंल.

सगळ्यात वाईट म्हणजे, मागं कावून बघितलं हे मलाच सांगता येत न्हाई. पंच साहेबांनी त्याच दिवशी विचारलं, मी म्हणालो, असंच. आमचे ट्रेनर सुंदरराव, ज्यांच्या तबेल्यात मी हाय, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, असंच म्हणणाऱ्याचं लायसन सगळ्यात आधी जातं.

बापूला यातलं काही सांगू नको. माया असू दे. राग आला तर तिथंच ठेव, पोस्टात टाकू नको.

तुझा,
लखन


चकलांबा, १७ ऑगस्ट २०२४

चि. लखन यास,

साखराआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद, पर ते वाचून लई खूश होऊ नको, शिव्या खाली हायेत.

आसारामला सांगू नको म्हणतोस? आरं, त्यानंच तर मला तुझी रेस मोबाईलवर दावली, त्याच दिशी! तुझं पत्र यायच्या आधी गावात तीन पार्ट्या झाल्यात. एक म्हणती लखननं पैसे खाल्ले. दुसरी म्हणती घोडीला नजर लागली. तिसरी रामेश्वरची, तो एकटाच हाय, पण त्याचं म्हणणं तुला मागून पोरीनं हाक मारली. तुझा बापू समदं जाणून हाय. दोन दिस बंकट मेंढरांशी बी बोलला न्हाई.

आन मागं कावून बघितलं ते तुला ठाऊक न्हाई व्हय? मला इचार की, येड्या! मेंढक्याचं पोर तू. जो पुढं चालतो त्यानं मागं बघायचं, शेवटचं कोकरू येतंय का ऱ्हायलं. एकदा न्हाई, तीन डाव. तू चार वर्साचा हुतास तवापासनं टाळक्यात टपल्या मारून शिकवलंय मी. तू पुढं गेलास की तुझी मान आपसूक फिरती. त्यात कसली चोरी?

पुरावा मागत असतील तर त्यो बी हाय. गेल्या साली दसऱ्याच्या आदी तू एका काळ्या घोड्यावर बसलतास. आसारामनं ती रेस जपून ठेवलीया. त्यात तू समद्यांच्या मागं. तुझ्या आन पुढच्या घोड्याच्या मधी बैलगाडी आडवी लावली असती तरी जागा उरली असती. आन तरी तू मागं बघतोस, तीन डाव! दुकानात मानसं हसून हसून पोत्यावर पडली. भिवराबाई म्हणली, मागं हाय तरी कोण, पोलीस? मागं कुंपण आन दोन बगळे. पैसे खाल्लेला मानूस शेवटचा असताना मागं कावून बघंल, इचार म्हणावं तुझ्या पंचायला.

मला मात्र तू सांगितलंतस की चौथा आलो. नऊ घोड्यात नववा आलास रं, लबाडा. वरीसभर गप ऱ्हायले, आज बोलले. ती रेस त्यास्नी दाव.

जीव लावून हायेच, तू बी लाव. आन जेवत जा.

तुझी,
साखराआत्या


पुणे, २१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

लखनचा शि. सा. न. मान खाली घालून.

तुझं पत्र वाचलं आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. आत्या, तुझं म्हणणं पटतंय. पण ती रेस मी दाखवणार न्हाई. पाच पंच, दोन कारकून, सुंदरराव, सगळ्यांसमोर मी बगळ्यांकडं वळून बघतोय? लायसन वाचेल, पण नंतर मला घोड्यावर बसवणार कोण? आणि पाटोद्याच्या मोहनरावांचं काय? दिपालीचा हात मागायला गेलतो तेव्हा त्यांना छाती फुगवून सांगितलंय की आजवर चौथ्याच्या खाली आलो न्हाई. ते मान हलवून लई गंभीर झालते.

तबेल्यातल्या पोरांनी दुसरा तोडगा काढलाय. सांगायचं की डोळ्यात चिलट गेलं. मी आरशासमोर सराव करतोय. डोळा चोळतो, मान झटकतो, बरोबर जमतं. सुंदररावांनी सुनावणीसाठी त्यांचा कोट दिलाय. बाह्या इतक्या लांब हायेत की हात शोधावे लागतात.

एक विनंती. तू इकडं येऊ नको. गेल्या खेपेला तू सोनकीला ज्वारीची भाकरी चारलीस आणि घोड्यांच्या डॉक्टरला दोन गोष्टी शिकवल्यास, ते अजून तुझं नाव निघालं की पाणी मागतात.

रागावू नको. रागावलीस तर निदान थोडं.

तुझा,
लखन


चकलांबा, २४ ऑगस्ट २०२४

चि. लखन यास अ. उ. आ. आज उत्तम त्यातलं काढून घेतलंय.

चिलट म्हणे! तीन डाव चिलट, आन तिन्ही डाव मागनं? खोटं बोलून लायसन वाचवशील तर त्या लायसनची चूल पेटव. तुझी लाज मोठी का तुझी रोजीरोटी? नववा आलास म्हणून कुणी फाशी दिली न्हाई. चोर म्हणून गावात आलास तर मातर तुझ्या बापाला मान वर करता येणार न्हाई.

संगं एक बंद पाकीट हाय. ते पंचायचं हाय, तू फोडू नको. माझी शपथ हाय.

साखराआत्या


(बंद पाकिटातलं)

रेसच्या माननीय पंच साहेबांस,

लखनची आत्या साखराबाई, मुक्काम चकलांबा, हिचा रामराम. अक्षर वाईट हाय, शिकायला उशीर झाला.

साहेब, पोरानं मागं बघितलं हा गुन्हा असंल तर तो माझा हाय. सांगते कसा.

लखन चार वर्साचा होता. आमी मेंढरं घिऊन पाटोद्यावरनं कडा गावाकडं निघालतो. त्याची आई बाळंतपणाला माहेरी, बाप निम्मी मेंढरं घिऊन एक दिस मागं. पोर माझ्या हवाली होतं. मी पुढं, घोडीचा दोर धरून, नवं लुगडं नेसून, लई रुबाबात. वाटंत एकदा बी मागं बघितलं न्हाई. मुक्कामाला मेंढरं मोजली, कोकरं मोजली. एक लंगडं कोकरू कमी भरलं. मी तणतणत उलटी निघाले.

साहेब, मी कोकराला हुडकायला निघाले. पोर संगं न्हाई हे मला ठाऊकच नव्हतं. मेंढरं मोजली, पोर मोजलं न्हाई. दोन कोसावर बाभळीखाली कोकरू घावलं आन त्याला मिठी मारून बसलेला लखन घावला. रडत नव्हता. म्हणला, हे एकलं ऱ्हायलतं.

हे मी कुनाला सांगितलं न्हाई. त्याच्या बापाला न्हाई, आईला न्हाई. ती बिचारी आता ऱ्हायली बी न्हाई. त्या दिसापासनं मी घरात कायदा केला की पुढच्यानं तीन डाव मागं बघायचं. पोरानं माझा कायदा पाळला. तुमचा मोडला, कारण माझा त्याला आदी कळला.

शिक्षा द्यायची तर मला द्या. माझ्याकडं लायसन न्हाई, पन रेशनकार्ड हाय.

आपली,
साखराबाई, आंगठा न्हाई, सही


पुणे, ३० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

लखनचा शि. सा. न., आणि या वेळी खरोखर जमिनीला डोकं टेकून.

आधी निकाल सांगतो, न्हाईतर तू शेवटचं पान आधी वाचशील. लायसन वाचलं.

आता सविस्तर. लांब टेबल, पाच पंच, त्यात एक बाई. भिंतीवर मोठा टीव्ही. त्या रविवारची रेस चार बाजूंनी चार वेळा दाखवली. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता तरी हा गाढव पुढं बघंल. मग अध्यक्षांनी विचारलं, मागं का बघितलं. चिलट अगदी जिभेवर आलतं. बाहीतून हात काढून डोळ्यापर्यंत नेलाही. पण तुझं ते चुलीचं वाक्य आठवलं आणि हात खाली आला. मी म्हणालो, साहेब, गेल्या साली दसऱ्याआधीची एक रेस हाय, तेवढी लावा.

लावली. मी शेवटी, मागं कुंपण, बगळे. पहिल्यांदा मान फिरली तेव्हा सगळे पुढं वाकले. दुसऱ्यांदा फिरली तेव्हा एक कारकून खोकला. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला. सुंदरराव सांगतात की वीस वर्षांत त्या माणसाला कुणी हसताना बघितलेलं न्हाई. मग त्यांनाच चटक लागली. माझ्या आणखी सात रेस काढल्या. जिंकलेल्या, हरलेल्या, मधल्या. सगळ्यांत तीनदा. एका पंचांनी तर पैज लावल्यासारखं बोटं मोजली.

मग त्यांनी तुझं पाकीट फोडलं. त्या बाई मोठ्यानं वाचत होत्या. रुबाबाच्या लुगड्यापर्यंत सगळे हसत होते. तू कोकराला हुडकायला निघालीस तिथं बाई थांबल्या, चष्मा पुसला, आणि पुढचं हळू वाचलं. मी ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं. खाली बघून उभा होतो. बाह्या लांब होत्या ते बरं झालं, डोळे पुसता आले.

मुद्दाम हरल्याचा आरोप काढून टाकला. पण जॉकीनं शेवटच्या खांबापर्यंत जीव तोडून पळवायलाच पायजे, त्यात हयगय केली म्हणून चार रेसदिवस बंदी. निकालाच्या कागदावर लिहिलंय, मागे पाहण्याची कौटुंबिक सवय. परत केलं तर मात्र गय न्हाई, असं अध्यक्षांनी बजावलं.

आत्या, मला राग आला न्हाई. त्या दिवसातलं मला काहीच आठवत न्हाई. एवढंच सांग, परत येताना तू कुणाला उचललंस आणि कुणाला चालवलंस?

जशी हायेस तशीच ऱ्हा. फोन सोमवारी मिळंल.

तुझा,
लखन


चकलांबा, २३ सप्टेंबर २०२४

चि. लखन यास,

साखराआत्याचे अ. उ. आ., उत्तम परत घातलंय.

फोन आलाय तुझा, पर फोनवर तू निसतं हां हां करतोस. म्हणून लिहिते. त्या दिसाचं तू इचारलंतस. तवा फोनवर मी जेवलास का म्हणून इषय बदलला. आता सांगते. दोघांस्नी उचललं. एक या काखंत, एक त्या. दोन कोस. तू वाटभर कोकराशी बोलत होतास आन मी रडत होते. झालं आता, फिरून इचारू नको.

मोहनरावाकडं बंकट जाऊन आला. नववा आलता हे सांगून टाकलं. त्यो म्हणला, मला वाटलं रेसमधी चारच घोडे पळत्यात, म्हणून चौथा म्हणजे शेवटचाच धरला होता. तरी पोरगी द्यायला तयार झालता. आता नऊ असत्यात कळल्यावर त्याला उलट बरं वाटलं. दिवाळीनंतर तारीख धरू.

कालची रेस आसारामच्या दुकानात समद्या गावानं बघितली. बंदी उठल्यावर पयलीच रेस, म्हणून बंकट बी आलता, मेंढरं बाहेर उभी करून. सरळ रस्त्याला लागल्यावर तुझी सोनकी पुढं गेली तवा कुनी श्वास घेईना. मी तुझ्या मानेकडंच बघत होते. एकदा जराशी हालली. मग ताठ. शेवटच्या खांबापर्यंत फिरली न्हाई. दुकानात असा दणका उडाला की रामेश्वरनं साखरेचं पोतं सांडलं. बंकटनं मला गदागदा हालवलं, म्हणला, आक्का, जिंकला!

लई चांगलं केलंस. तुझं काम हाय ते, तसंच करत जा. माझा कायदा तुझ्यापुरता मोडीत काढला म्हणून समज.

पर मी नाचले न्हाई रं. तू खांब ओलांडलास, समदी तुला बघत हुती, तवा मी मोबाईलात मागंच बघत बसले. पार शेवटच्या घोड्यावरचं एक पोर ऱ्हायलतं, हिरव्या टोपीचं, बारकुसं. ते येतंय न्हाई तवर आसारामनं रेस बंद केली. मला रातभर झोप न्हाई. ते कुनाचं हाय? नीट पोचलं का? तेवढं मला उलट टपालानं कळव.

तुझी,
साखराआत्या