पाठदुखीचे दोन महिने

बाबा,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण हातच वळला नाही.

काल पाहुण्यांसमोर तुम्ही पुन्हा म्हणालात, "पोरगा आईच्या वळणावर गेलाय. तिचं माहेरच रडकं. माझं डोकं बघा, ठणठणीत!" धाकटा अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेला. शिसारी आली मला.

उदासीच्या आजारावरच्या त्या संशोधनासाठी तुमच्या आणि धाकट्याच्या मेंदूची चित्रं दवाखान्यात मी चालवते त्याच एमआरआय मशीनवर निघाली. तुमच्या डोक्याभोवती उशा मीच खोचल्या. डॉक्टर तुम्हाला समजावत होते तेव्हा मी दारातच होते. माणूस नुसता पडून असला तरी मेंदूतले काही भाग आपसात बोलत राहतात, काही माणसांच्यात ते एकच दुःख उगाळत बसतात, अशी माणसं लवकर खचू शकतात. खचतीलच असं नाही. "तुमच्या आणि मुलाच्या मेंदूतली ही जोडणी बरीच सारखी आहे," असं ते म्हणाले. आईला तर कुणी तपासलंच नव्हतं. ती जाऊन चार वर्षं झाली.

घरी येऊन तुम्ही सांगितलंत, "सगळं नॉर्मल."

कारखाना बंद पडला तेव्हा तुम्ही दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतात. येणाऱ्याजाणाऱ्याला आई सांगायची, "पाठ धरलीय त्यांची." तुमची दाढीसुद्धा तीच करायची.

धाकटा तसाच पडला, तेव्हा तुम्ही त्याच्या अंगावर बादलीभर गार पाणी ओतलंत.

शिसारी फक्त तुमचीच येत असती, तर हे पत्र केव्हाच तुमच्या हातात दिलं असतं. पण ती बादली मीच भरून आणली होती.

तुमचीच,
मुलगी