दोन शीटांमधली रेघ

१६ नोव्हें. १९९१
दिवसभर ट्रेसिंग. विकास आराखड्याची दोन शीटं जोडायला घेतली, तर मखमलाबादकडचा रस्ता एकावरून दुसऱ्यावर येताना जुळेना. सूतभर फरक. साहेबांना दाखवलं. ते टपालात बुडालेले. "जुळवून घे," म्हणाले. घेतलं. वळणं काढायच्या पट्टीने सुबक वळण दिलं. पट्टीची कड एका जागी उडालीये, तिथे शाई जरा अडखळली. खरवडायचा कंटाळा केला. नवी पट्टी मागून मागून थकलो.
संध्याकाळी दादाच्या मळ्यातून शनिवारची फुलांची पुडी. शेवंती. शैला खूश.

९ फेब्रु. २००२
आज पुडी घेऊन दादा स्वतःच आला. पुडीबरोबर नोटीस. कुंभमेळ्याच्या आधी रस्ता करायचाय, तो मळ्याच्या मधोमध. विहीर जाते. विहीर गेली की दोन्ही बाजूंना उरलेल्या पट्ट्यांना पाणी नाही, म्हणजे मळा गेल्यातच जमा. दादाला फुलांशिवाय दुसरं काही येत नाही. शेजारच्या बिल्डरने रस्ता वाकवून घेतला, असं त्याचं ठाम मत.
नोटीस माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू हायस ना हापिसात. मंग झालं." निवांत होऊन गेला. मला कसला निवांतपणा.

११ फेब्रु.
कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं. वळण बरोबर दोन शीटांच्या जोडावर. वळणात एका जागी शाई अडखळलेली.
कुणी वाकवून घेतला नाही. मीच वाकवला, तोही फुकटात. नकाशावर सूतभर, जमिनीवर अख्खी विहीर. डबा तसाच परत आणला.

१३ फेब्रु.
साहेबांना सांगितलं. (आताचे तरुण आहेत, माणूस वाईट नाही.) जोडाची चूक आहे, रस्ता खरा सरळ, मळ्याच्या पूर्वेकडून, हे सगळं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, मंजूर झाला तोच नकाशा खरा. आणि सरळ करायचाच म्हणता, तर पूर्वेला आता काय आहे ते आधी बघून या.

१७ फेब्रु. रविवार
बघून आलो. बोरी होत्या तिथे आठ-नऊ घरं झालीत. एका दारात बाई मशीनवर झबली शिवत होत्या. जागा बघतोय अशी थाप मारली. म्हणाल्या, "घ्या बिनघोर. रस्ता हितून नाय जात. आम्ही नकाशा काढून मगच घेतली." आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात भाग नकाशा, आमच्याच ऑफिसातून काढलेली त्या तुकड्याची नक्कल. खाली नक्कल करणाऱ्याची सही. माझी.
अक्षर किती छान आहे म्हणाल्या. पाणी दिलं, ते प्यायलो. निर्लज्जासारखा प्यायलो.
म्हणजे चूक सुधारली तर यांची घरं, नाही सुधारली तर दादाचा मळा. मधे मी.

२० मार्च
दादाने घेतलेल्या हरकतीची सुनावणी. दादा इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याची पाळी आली तेव्हा भाषण वगैरे काही नाही, फक्त माझ्याकडे हात केला. "ह्यो माझा भाऊ. हितंच नकाशे काढतो. त्यानं सांगावं, ही रेघ बरोबर हाय का नाय. तो म्हनंल ते मला कबूल."
साहेब फाइलकडे बघत राहिले. मागच्या बाकावर त्या शिवणवाल्या बाई, रस्ता आपल्याकडे तर सरकत नाही ना, ते ऐकायला आलेल्या. मांडीवर तीच पिशवी.
मी म्हणालो, "मंजूर नकाशाप्रमाणे बरोबर आहे."
दादाने मान डोलावली आणि खाली बसला. मी खोटं बोललो नाही. पण इतकं हलकट कधी वाटलं नव्हतं.

२१ मार्च
शैलाला सगळं सांगितलं. बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "दादांना तुम्हीच सांगा. दुसरीकडून कळायला नको."

६ एप्रि.
तीन शनिवार झाले, पुडी नाही.
सांगायचंच म्हणून मळ्यावर गेलो. दादा मोगऱ्याला पाणी देत होता. "ये," म्हणाला, तेवढंच. वाफा भरला, पाटाचं दारं मोडून पाणी वळवलं, दुसरा वाफा भरला. मी पंप कसा चाललाय विचारलं आणि परत आलो. पंप.

२२ एप्रि.
हरकत फेटाळली. पत्राला नकाशाची प्रत जोडायचं काम माझ्याकडेच. तेच वळण पुन्हा गिरवलं. आता पट्टी नवी आहे. शाई कुठे अडखळली नाही.

११ मे
पुडी आली. मोगरा. वहिनी घेऊन आल्या. मला वाटलं, दादाला कळलं आणि त्याने माफ केलं. तसं काही नव्हतं. एवढे दिवस फुलं का नाहीत, तर दादाची कंबर धरली होती, तोडणीला माणूस नव्हता. मी आपला उगाच...
वहिनींनी निरोप सांगितला. "मंगळवारी मोजणी हाय. हे म्हनले, टेपचं एक टोक बाळूनं धरावं. आपला मानूस असला म्हंजी रेघ इकडची तिकडं व्हनार नाय."
येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
शैलाने मोगरा माळला नाही. पाण्यात घालून ठेवलाय. घरभर वास.

१४ मे
मोजणी नऊला. हे सकाळीच लिहून ठेवतोय, नंतर लिहवेल असं वाटत नाही.
दादाचा आत्ताच फोन, कोपऱ्यावरच्या बूथवरून. टोपी घेऊन ये म्हणाला, ऊन लय हाय. टोपी घेतली. टेपही घेतली. आणि ते मूळ ट्रेसिंग, ऑफिसातून न विचारता आणलेलं, गुंडाळी करून पिशवीत घातलंय. बाहेर काढलं तर कुणापुढे उलगडायचं, दादापुढे की त्या बाईंपुढे, ते अजून ठरलं नाही.