त्रापेझितेस, मुक्काम देरा

देरा, दुबई
१२ मार्च १९९९

ती. सत्यभामाताईस, विघ्नेशचा सा. न. आणि सोबत थोडा राग.

काल तू माझ्यासाठी पाहिलेल्या दर्शनाचे किसनमामा शारजाहून आमच्या मनी एक्स्चेंजमध्ये आले आणि वॉचमनकडे बँकरसाहेबांची केबिन विचारू लागले. त्याने काउंटरवरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. समोर पगार घरी पाठवणाऱ्यांची भली मोठी रांग. मामांना वाटलं, साहेब स्वतः खाली येऊन काम बघतात. त्यांनी कौतुक केलं आणि मुलीसाठी शारजात फ्लॅट कधी घेणार ते विचारलं. कळवतो म्हणालो. काय करू, मागे लोक ओरडत होते.

बायोडाटात ‘दुबईत बँकर’ तूच लिहिलंस ना? माझा पगार चौदाशे दिरहम, म्हणजे सोळा हजार रुपये. एवढ्यावर बायकोचा व्हिसा होत नाही आणि खोलीत आम्ही सहा जण झोपतो. दुबई कबूल करून मुलीला देवरूखला ठेवायचं, हे मला जमणार नाही. त्यांना खरं सांग.

आईला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, पण या आठवड्यात कमी आहे.

विघ्नेश

*

देवरूख
२६ मार्च १९९९

चि. विघ्नेश यास, अनेक आशीर्वाद. राग पोचला, साभार परत.

मी खोटं लिहिलेलं नाही. शाळेतला कोश काढून खात्री केली. जुने ग्रीक लोक नाणी बदलून देणाऱ्याला त्रापेझितेस म्हणत. त्रापेझा म्हणजे मेज. बाजारात मेज मांडून बसणारा, म्हणून मेजवाला. परगावची नाणी पारखायची, बदलून द्यायची. पुढे लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवू लागले, ते कर्जं देऊ लागले. ग्रीसमध्ये आजही बँकेला त्रापेझाच म्हणतात. मग तू कोण झालास?

‘काउंटरवर नोकरी’ वाचून तीन स्थळं परत गेली. तुला बत्तीस पूर्ण झाली. दर्शना डी.एड. आहे, चांगली आहे. लग्नानंतर सगळं निभावतं. उगाच खोडा घालू नकोस.

तब्येत सांभाळ, आणि ताईवर भरवसा असू दे.

सत्यभामा

*

देरा
९ एप्रिल १९९९

ती. ताईस, सा. न. हात जोडूनच, कारण आता दुसरा इलाज नाही.

तुझे ग्रीक तुझ्यापाशी ठेव. मला मेज नाही. काचेखाली हातभर फळी आहे. तुझा शोध आमच्या मॅनेजरना, लियाकतभाईंना सांगितला. ते म्हणाले, मग उद्यापासून ठेवीही घे, पण संध्याकाळी एक नोट कमी भरली तरी पगारातून कापणार, खलास.

त्या मेजवाल्यांकडे लोक ठेवी ठेवत, ते विश्वासावर ना? शंकेची नोट आली तर माणूस कितीही ओळखीचा असो, मी ती परत करतो. नऊ वर्षं हेच करतोय, आणि तू माझ्याच नावाने खोटी नोट खपवतेस. मामांच्या तोंडावर मला बोलता आलं नाही, हे माझंही चुकलं. पण घरातली मोठी तू. एसटी पकड आणि दर्शनाच्या घरी जा. नाही गेलीस तर मीच त्यांना पत्र टाकीन.

रागावलो तरी तुझाच,
विघ्नेश

*

देवरूख
२ मे १९९९

चि. विघ्नेश यास, आशीर्वाद नेहमीपेक्षा जास्त.

साखरप्याला जाऊन आले. दर्शनाच्या वडिलांपुढे काउंटर, पगार, सहा जणांची खोली, सगळं सांगितलं. कोशातलं काही काढलं नाही. ते उठून पडवीत गेले. मला वाटलं, मोडलं.

दर्शना मात्र समोर येऊन बसली आणि हसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला नुकतीच कायम नोकरी लागली आहे. बँकरशी लग्न म्हणजे नोकरी सोडून दुबई, म्हणून नकार कसा द्यावा याचीच तिला महिनाभर चिंता होती. व्हिसा होत नाही ऐकून तिला हायसं वाटलं. मी तर मनातल्या मनात पेढे वाटायला निघाले.

पण वर्षातून एक महिना येणारा नवरा तिला नको आहे. तुम्ही कायमचे परत कधी येणार, एवढंच तिने विचारायला सांगितलंय. मी दोन वर्षं म्हणणार होते, जीभ चावली. तुझ्या वतीने आता काही सांगणार नाही. तिचा पत्ता मागे लिहिला आहे, तूच कळव.

परत येताना एसटीत मला रडू आलं. तुझ्या पैशांवर हे घर नऊ वर्षं चाललं, आणि परत कधी येणार, हे आमच्यापैकी कुणी तुला एकदाही विचारलं नाही.

तुझी ताई