डूख

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. वाहनं ६१. सापाच्या अंगावर मुद्दाम गाडी घालणारे ४.

साप रबराचा. तीन फूट, तपकिरी, पाठीवर गोल ठिपक्यांच्या ओळी — थेट घोणस. लांबून मलासुद्धा खरा वाटला, आणि पिशवीतून काढून ठेवला मीच होता!

काम सोपं आहे. साप डांबराच्या अगदी कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर ठेवायचा. तिथे सहज जाता कुणाचं चाक पडत नाही. ज्याला त्याच्यावरून जायचं असेल त्याला गाडी मुद्दाम वळवावी लागते. मी छोट्या पुलाच्या कठड्याआड खुर्ची टाकून बसायचं आणि लिहायचं. वेळ, वाहन, वळलं की नाही. जेवणानंतर सापाच्या जागी तेवढ्याच लांबीची दोरी. दोरीवर आज कुणीही गाडी घातली नाही.

मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तरी मॅडमच. सापांवर अभ्यास करतात. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे — नाग चावला होता. विचारलं तर म्हणाल्या, "चूक माझी होती." एवढंच.

मला म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या ऑफिसात होतात ना? मग तुम्हाला जमेल. फक्त बघायचं आणि लिहायचं. रागवायचं नाही. गाडीचा नंबर लिहायचा नाही. कोण होतं ते आपल्याला नकोय."

जमेल. चौदा वर्षं हजेरीपटच लिहिले.

४ मार्च

५८ पैकी ३. ऊन फार. उद्या टोपी.

६ मार्च, गुरुवार

आज दोन गमती.

स्कूटरवरून एक आजीबाई आल्या. थांबल्या. छत्रीच्या टोकाने सापाला ढोसलं, हलला नाही तर त्याला रागवायला लागल्या — "ऊठ मेल्या, इथे काय झोपतोस? मरशील!" मग छत्रीच्या वाकड्या दांड्याने ओढत ओढत गवतात नेऊन टाकला आणि निघून गेल्या. रबराचा आहे हे कळलंच नाही त्यांना. कागदावर याच्यासाठी रकानाच नाही. कोपऱ्यात लिहिलं — वाचवला, १.

दुसरा ट्रकवाला. एकदा गेला, मागे आला, परत गेला. मग खाली उतरून बघायला आला. "अरे, रबराचाय!" मी कठड्याआडून उभी राहिले तर दचकला. मीच साप असल्यासारखा! लाजला पण. म्हणाला, "ताई, अर्धवट सोडला तर माग काढत घरी येतो. डूख धरतो. म्हणून तीनदा घातली." मग खिशातून सुपारी काढून मलाच देऊ केली. तसा चांगला माणूस.

घरी आले तर हा कामाच्या खोलीत. दातांच्या कवळ्या करतो माझा नवरा. घरात माणसं तीन आणि बत्तिश्या चाळीस! गुरुवार म्हणजे शेजारच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे तयार माल पोचवायचा दिवस. माझ्याच रस्त्याने जातो, पण आज लवकर गेला होता; साप नेमका कुठे ठेवते ते घरीही सांगू नका, असं मॅडमनी बजावलंय. आजीबाईंचं सांगितलं तर इतका हसला की तोंडावरचा मास्क खाली आला. लेक मात्र "ई, साप!" म्हणून उठून गेली.

८ मार्च

मॅडम आल्या होत्या. ट्रकवाल्याचं सांगितलं. म्हणाल्या, "डूख धरायला कालचं लक्षात राहावं लागतं. चेहरा लक्षात राहावा लागतो. त्याच्या डोक्यात तेवढी जागा नाही हो."

"मग पाठलाग करतो म्हणतात ते?"

"पाठलाग नाही. तुम्ही त्याच्या आणि बिळाच्या मध्ये उभे असता. तो बिळाकडे धावतो, तुम्हाला वाटतं तुमच्याकडे."

"आणि दूध?"

नुसत्या हसल्या.

१२ मार्च, बुधवार

आज लिहायचं नव्हतं. लिहिते.

पुलापासून थोड्या अंतरावर रस्त्याचे खड्डे बुजवायचं काम चालू आहे. सहा माणसं आणि एक मुकादम. मुकादम रोज सकाळी हाक मारतो, "काय ताई, आज किती मेले?" थट्टेत. त्यांची चहाची किटली माझ्यापर्यंतही येते.

साडेदहाला खडीच्या ढिगामागून घोणस निघाली. खरी. ऊन खायला आली असावी. जाड, आळशी, स्वतःच्या नादात. एकाने पाहिलं आणि सगळे फावडी घेऊन गोल उभे राहिले. तिने वेटोळं केलं आणि फुसकारायला लागली — काय आवाज! कुकरची वाफ सुटते तसा, सलग. ती कुणाच्याही अंगावर गेली नाही. जाणार कुठे, चारी बाजूंनी पाय! मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं ती सांगत होती, जवळ येऊ नका.

मग एकाने फावड्याने मान दाबली. दुसऱ्याने शेपटीला धरून उचलली, फोटो काढले. मान अर्धी तुटलेली, तरी अंग हलत होतं. कुणीतरी तोंडात काडी घालून जबडा उघडला — विषाचे दात बघायला. मग गरम डांबराच्या डब्यात बुडवून बाहेर काढली. हसत होते. दुष्ट हसणं नव्हतं ते. सुट्टीला निघालेली माणसं हसतात तसं.

पोट फाटलं होतं. आत पिल्लं होती, अजून पुरती झालेली नव्हती. बोटाएवढी. मुकादम म्हणाला, "बघा ताई, तीस-चाळीस जीव वाचले आज माणसांचे."

मी काय केलं? वेळ लिहिली. १०.३१ ते १०.४४. एकदा "अहो, जाऊ दे तिला" म्हणाले, पण ते मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

नंतर किटली आली. मी चहा घेतला.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी ११.४०. पांढरी छोटी गाडी. पांढरी पट्टी ओलांडून आली, साप चाकाखाली घेतला, कडेच्या मातीत उतरली आणि परत रस्त्यावर गेली. सावरण्याचा ब्रेक नंतर लागला, आधी नाही. समोरच्या काचेवर ऊन होतं. मागून दिसली तेव्हा डाव्या दिव्यावर लाल चिकटपट्टी होती.

ती पट्टी गेल्या महिन्यात मी लावली आहे.

लिहिलं — मोटार, वळली, मुद्दाम.

घरी आले. हा ताटावर बसला, जेवला. मी थांबले होते की आपण होऊन बोलेल. बोलला नाही. लेक डोकं दुखतंय म्हणाली, लवकर झोपली.

१४ मार्च

सकाळी विचारलं. कामाच्या खोलीत, तो मेणाचा साचा कापत असताना.

"काल पुलावरून गेलास?"

"हो."

"साप दिसला?"

हातातली सुरी थांबली. "तुझा होता?"

"माझा."

"रबराचा?"

"रबराचा."

त्याने श्वास सोडला. "बरं झालं."

बरं झालं! म्हणजे खरा नव्हता म्हणून गुन्हा नाही! मी म्हटलं, "पण तुला कुठे ठाऊक होतं रबराचा आहे ते? तू गाडी वळवलीस."

तर म्हणे, "गाडी वळली खरी."

गाडी वळली! गाडी काय आपोआप वळते? चौदा वर्षं पोरांची माफीपत्रं वाचली मी. काच फुटली, वही फाटली, शाई सांडली. फोडली, फाडली, सांडली असं कुणी लिहीत नाही. आज घरातही तेच.

सुरी पुन्हा मेणावर चालू झाली. मी बाहेर आले.

१६ मार्च

बोलणं बंद होऊन दोन दिवस झाले. काही कमी-जास्त लागलं तर लेकीकरवी.

१८ मार्च, मंगळवार

५५ पैकी ५. आजवरचा सगळ्यात वाईट दिवस.

मधल्या वेळात याचाच विचार. भिंतीवरची पाल कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्या सोलू नयेत म्हणून कवळीची कड अंगठ्याने चार-चारदा तपासणारा माणूस. लग्नाला एकवीस वर्षं झाली. यातलं खरं कुठलं? पाल की पुलावरचं ते वळण? की दोन्ही, आणि मी एकच बघत आले?

मुकादमावर मला राग नाही, हेही लिहून ठेवते. त्याने माझ्या डोळ्यांदेखत तो प्रकार केला आणि मी त्याचा चहा प्यायले. नवऱ्याने रबरावरून गाडी नेली आणि मी त्याच्याकडे बघायला तयार नाही. मापं वेगळी आहेत माझी. मॅडम म्हणतात, सापाच्या डोक्यात डूख धरायला जागा नाही. माझ्या डोक्यात भरपूर आहे.

तरी बोलावंसं वाटत नाही.

२० मार्च, गुरुवार

११.१५ ला तीच गाडी. लांबूनच वेग कमी केला. सापापासून हातभर अंतर ठेवून गेली आणि पुढे थांबली. हा उतरला. कठड्यावर गार पाण्याची बाटली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे. मुकादम लांबून बघत होता.

"ऊन फार आहे," म्हणाला.

मी लिहीत राहिले.

"तुझं मोजून झालं की एकदा बोलू."

गेला. मोटार, वळली नाही. पाणी तासाभराने प्यायले.

२२ मार्च, शनिवार

मोजणी संपली. साप असताना वाहनं ९३८. मुद्दाम अंगावर घालणारे ५७. वाचवणारे ३ — आजीबाई, एक दूधवाला, आणि एक सायकलवाली मुलगी जिने स्वतःची ओढणी त्याच्यावर टाकून काठी शोधली. दोरी असताना वाहनं ९०२, वर घालणारे ४.

मॅडम खूश होत्या. खूश हा शब्द बरा नाही, पण होत्या. मी विचारलं, "मुद्दाम घालणारी माणसं कशी असतात हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे — ओळखता येतात का? आधीपासून?"

 "नाही. ज्याला लहानपणी कुणी सांगितलंय की दिसला की मारायचा, तो मारतो. बाकी वेळी तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो." मग म्हणाल्या, "कुणी ओळखीचं होतं का?"

मी म्हटलं, नंबर लिहायचा नाही असं तुम्हीच सांगितलंय.

निघताना मुकादमाला म्हटलं, पुढच्या वेळी दिसला तर लांब उभं राहा, आपला आपण जातो. "हो ताई," म्हणाला. मान डोलावली, फावडं हातातच होतं.

२३ मार्च

याने जेवताना विचारलं, "संपली ना मोजणी?" मी उठून हात धुतले. लेक आमच्या दोघांकडे बघत बसली. तिच्या ताटात निम्मं तसंच. बापाची बाजू घेते, असं वाटलं.

२४ मार्च, सोमवार

लेक कॉलेजातून आली. पाठीवरची पिशवीही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, त्या गुरुवारी गाडी मी चालवत होते."

सुट्टी होती म्हणून बापाबरोबर गेली होती. हातात लायसन्स येऊन चार दिवस झालेले. साप दिसल्यावर हा "सरळ जा, सरळ जा" ओरडला. स्टिअरिंगवर हात टाकेपर्यंत तिने वळवली होती. घरी येताना हाच तिला म्हणाला — आईने विचारलं तर मी होतो असं समजू दे, तुझ्याबद्दल हे ऐकणं तिला जड जाईल.

मी विचारलं, "घाबरलीस का?"

"नाही," म्हणाली. "मला मारायचाच होता." आणि रडायला लागली.

तिला जवळ घेऊन बसले. आता ती आत तोंड धुते आहे. पलीकडे कामाच्या खोलीत घासायचं यंत्र चालू आहे. त्याच्याशी नीट बोलून आज दहा दिवस झाले. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. पहिला शब्द सुचत नाही.