पऱ्हाटी विसरलेली बुरशी

मॅडम, तुम्ही दिलेली बुरशी मेली नाही. मेली असती तर परवडलं असतं. दर दोन महिन्यांनी मी तिला जुन्या काचनळीतून नव्या नळीत लावते आणि आठ दिवसांत ती अशी हिरवीगार होते की बघणाऱ्याला वाटावं, काय तब्येत आहे! हीच बया शेतात पऱ्हाटीवर टाकली की ढिम्म. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटीची झाडं जाळू नका, बारीक तुकडे करून ढीग लावा, शेणाच्या पाण्यात या बुरशीची माझी पावडर कालवून शिंपडा, ओल ठेवा, पेरणीपर्यंत खत होईल, असं मी उमरेडकडच्या गावांमध्ये घसा फोडून सांगत फिरते. यंदा एकही ढीग कुजला नाही. डोकं नुसतं भणाणलंय.

त्यातल्या एका गावातल्या काकूंनी सगळ्यांत आधी माझं ऐकलं होतं. गाव हसलं तरी त्यांनी शेताच्या धुऱ्याशेजारी, बांधाला लागून, ढीग लावला. मे महिन्यात मी जाऊन त्यात हात घातला, तर काड्या पहिल्या दिवशी होत्या तशाच, कडक. माझं टाळकं सटकलं. चार बायकांसमोर मी त्यांना बोलले, पाणीच टाकलं नसेल, नुसतं हो म्हणायचं आणि करायचं काही नाही. काकूंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "ताई, रोज चार गुंड भरून पाणी टाकून राहिली मी. आता तुम्ही म्हणता, तर नसन टाकलं."

हे वाक्य सक्करदऱ्याला माझ्या घरापर्यंत मागे आलं. घराच्या मागच्या खोलीत, जिला मी प्रयोगशाळा म्हणते, तिथे मी एका बाटलीत पऱ्हाटीचे उकडलेले तुकडे घातले आणि वर तुमची बुरशी लावली. तीन आठवडे पाहिलं. ती कडेकडेनं फिरली, काडीला तोंड लावलं नाही. मग मला कॉलेजातली ती दुपार आठवली. तुम्ही स्पिरिटच्या दिव्याशी बसल्या आहात, सुई लाल होतेय, माझ्या हातात नळी देताय. कुजक्या पऱ्हाटीतून तुम्ही स्वतः वेगळी काढलेली, चिठ्ठीवर तुमचं तिरकं अक्षर. मी हरखून गेलेली, आणि तुम्ही रागावूनच बोलताय, "पोरी, हिले बटाट्याच्या पाण्याची न् साखरेची सवय नको लावू. वर्षातून एकदा पऱ्हाटी चारत जा, अन् त्यातून पुन्हा काढ. नाही तर लाकूड खाणं विसरून जाईन."

मी एकदाही चारली नाही, मॅडम. काडीवर वाढवायची म्हणजे इतर दहा बुरश्या येणार, त्यांतून निवडताना भलतीच हाती लागली तर? मग ती तुमची राहिली नसती. म्हणून मी तिला गोडधोड घालत लाडावून ठेवली. धंतोलीच्या दवाखान्यात, शेवटच्या भेटीत, नाकात नळी असताना तुम्ही विचारलं होतं, "पऱ्हाटी चारतेस ना वं?" मी हो म्हटलं. तुम्ही डोळे मिटून हसलात. त्या हसण्याचा मला आज राग येतो, खरं तर माझाच येतो.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले, तर ढिगाच्या जागी काळी राख. पेरणीला जागा पाहिजे होती, त्या तरी किती वाट पाहणार. मी काही बोलायच्या आत त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली एक काडी सोडून माझ्या हातावर ठेवली. ढिगाच्या तळाशी, मातीला लागून, एवढी एकच जळायची राहिली होती. बोटानं टोक दाबलं तर भुगा झाला. "हे पाहा ताई, हे आपोआपच सडलं. तुमच्या कामाचं असन."

त्या काडीतली बुरशी आता नव्या नळीत वाढतेय, आणि दर खेपेला पऱ्हाटी चारायची असं भिंतीवर लिहून ठेवलंय. तुमची नळी फ्रिजमध्ये मागे सरकवली आहे, टाकवत नाही. नव्या नळीची चिठ्ठी मात्र कोरीच आहे. तिच्यावर काकूंचं नाव लिहायला हवं, पण त्यासाठी आधी त्यांना सांगावं लागेल की त्यांचं पाणी कमी पडलं नव्हतं, चूक माझ्या नळीत होती. त्या दिवशी काडी हातात घेऊन मी त्यांच्याकडे चहा प्याले, बिस्किटंसुद्धा खाल्ली आणि तशीच उठून आले. तुम्हाला एवढं सगळं लिहिलं, कारण तुमच्याकडून आता उत्तर येणार नाही. काकू मात्र समोर बसून ऐकतील.